पहिल्या दहा चाली

बुद्धिबळात पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी बरोबर २० पर्याय असतात: १६ प्याद्यांचे, ४ घोड्यांचे. काळ्याकडेही उत्तराला तेवढेच. दोघांची एकेक चाल होते न होते तोच पटावर ४०० निरनिराळ्या स्थिती संभवतात आणि पुढे तर मोजदादच नको. हा पसारा पाहून नवशिका खेळाडू घाबरतो आणि पाठांतराकडे वळतो. सिसिलियन, कॅरो-कान, किंग्ज इंडियन अशी भारदस्त नावे कानावर पडलेली असतात. यूट्यूबवर एखादा व्हिडिओ बघून बारा चाली घोकल्या जातात. पुढचे ठरलेलेच. समोरचा चौथ्याच चालीला व्हिडिओत नसलेले काहीतरी खेळतो आणि आपण गोंधळतो, कारण चाली पाठ असतात, त्या का खेळायच्या हे माहीत नसते.

माझे मत विचाराल तर मोहऱ्यांच्या चाली शिकल्यावर पहिले वर्षभर तरी कुठलीही ओपनिंग घोकू नये. त्याऐवजी प्रत्येक चालीला एकच प्रश्न विचारावा: या चालीने माझे कोणते काम झाले? सुरुवातीच्या दहा चालींत कामे तीनच असतात. पटाच्या मध्यावर हक्क सांगणे, मोहरे घराबाहेर काढणे आणि राजाला सुरक्षित जागी नेणे. चाल यातले एकही काम करत नसेल आणि समोरच्याच्या धमकीला उत्तरही देत नसेल, तर ती खेळू नये.

पुढे चाली लिहाव्या लागणार आहेत, म्हणून आधी पटाची ओळख. पट असा ठेवावा की तुमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर येईल. घरोघरी हा पट आडवा मांडलेला दिसतो आणि मग राजा-वजिरांच्या जागाच चुकतात. वजीर आपल्या रंगाच्या घरात बसतो, पांढरा पांढऱ्यात आणि काळा काळ्यात. पांढऱ्याच्या बाजूने पाहिले की डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्या ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच आणि खालून वर आडव्या ओळी १ ते ८. म्हणजे पांढरा राजा ई१ वर, त्याच्या समोरचे प्यादे ई२ वर. नुसते ‘ई४’ लिहिले की प्यादे त्या घरात गेले असे समजायचे. आकड्यापुढे आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; आकड्यानंतर ‘…’ असेल तर ती काळ्याची. हा मजकूर शक्यतो पट मांडूनच वाचावा.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते आणि ती घरातूनच येते. आजोबांनी शिकवलेला डाव बरेचदा देशी पद्धतीचा असतो. जुन्या हिंदुस्थानी खेळात बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकत असे. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल, नव्हता; त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येई, तीही शह बसण्याआधीच. आजही कित्येक घरांत डाव सुरू करताना दोन प्यादी एकेक घर पुढे करण्याची रीत दिसते. घरात खेळायला ती छान आहे, पण स्पर्धेत चालत नाही. तिथे एका वेळी एकच चाल, आणि प्याद्याला आपल्या मूळ जागेवरून हवे तर दोन घरे जाता येते. या दोन घरांच्या उडीमुळेच आधुनिक डावात तिसऱ्या-चौथ्या चालीला चकमक सुरू होते. सावकाश मांडामांड करायला पूर्वीइतका वेळ मिळत नाही.

तरी देशी खेळ मागासलेला होता असे कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात जॉन कॉक्रन हा स्कॉटिश खेळाडू महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी खेळत असे. महेशचंद्र प्यादी जपून एकेक घर सरकवत आणि उंटाला जी७ वर बसवून कोपऱ्यातून लांबचा मारा करत. पुढे विसाव्या शतकात युरोपातल्या दिग्गजांनी हीच मांडणी उचलली. आज जगभर ‘इंडियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बचावांच्या नावामागे हा इतिहास आहे. पंजाबचा मीर सुलतान खान देशी डावातच वाढला. १९२९ साली तो इंग्लंडला गेला, त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले आणि १९३२ व १९३३ मध्ये पुन्हा जिंकले. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवले. ओपनिंगचे पुस्तकी ज्ञान ही त्याची दुबळी बाजू होती हे सगळे मान्य करतात. पण डावाच्या मध्यात आणि अंतात त्याची ताकद अफाट होती. आपल्याकडे ती ताकद येईपर्यंत सुरुवातीलाच डाव हातचा जाऊ नये, एवढ्यापुरतीच ही सगळी तयारी.

आता मध्य. डी४, ई४, डी५ आणि ई५ ही चार घरे म्हणजे पटाचा मध्य. त्याचे महत्त्व पटवायला एक घोडा पुरतो. रिकाम्या पटावर घोडा ई४ वर ठेवा, त्याला जायला आठ घरे मिळतात. एच३ वर ठेवा, चारच. कोपऱ्यात एच१ वर ठेवलात तर दोनच. मोहरा तोच, पण कोपऱ्यात त्याची ताकद पावपट उरते. उंटाला मध्यात १३ घरे आणि कोपऱ्यात ७. हत्ती मात्र निराळा. रिकाम्या पटावर तो कुठेही ठेवा, १४ घरेच मिळतात. म्हणून हत्तीला मध्य नको असतो, त्याला प्यादी नसलेली मोकळी पट्टी हवी असते. हत्तींची घाई न करण्याचे कारण हेच. नवशिक्याची एक लाडकी युक्ती असते: ए४ खेळायचे आणि मग हत्ती ए३ वर काढायचा. तोवर काळ्याने ई५ खेळलेले असते, एफ८ वरच्या उंटाची वाट मोकळी झालेली असते आणि तो उंट सरळ येऊन हत्ती मारून जातो.

पहिली चाल ई४ किंवा डी४ खेळावी. ई४ ने मध्यातले घर मिळते आणि एफ१ च्या उंटाची व वजिराची वाट एकाच वेळी उघडते. डी४ ने सी१ चा उंट मोकळा होतो आणि त्या प्याद्याला मागून वजिराचा आधार आपोआप असतो. ई४ च्या प्याद्याला तो नसतो, म्हणून ई४ चे डाव लवकर पेटतात. शिकणाऱ्याने ई४ नेच सुरुवात करावी. चकमकी लवकर होतात, चुका लवकर कळतात. संथ डावात चूक पंधराव्या चालीला होते आणि तिची फळे चाळिसाव्या चालीला दिसतात. त्यातून नवा माणूस काही शिकत नाही.

मध्यात प्यादे नेले म्हणजे प्याद्यांचाच डाव मांडायचा असे नाही. पहिल्या दहा चालींत दोन-तीन, फार तर चार प्याद्यांच्या चाली पुरेत. बाकीच्या मोहऱ्यांसाठी ठेवाव्यात. घोडे बहुधा उंटांच्या आधी काढतात, कारण घोड्याची चांगली जागा आधीच ठाऊक असते: पांढऱ्यासाठी एफ३ आणि सी३, काळ्यासाठी एफ६ आणि सी६. उंटाला मात्र सी४ बरे की बी५ की ई२, हे समोरच्याची मांडणी बघून ठरवावे लागते. एफ३ चा घोडा ई५ आणि डी४ या दोन मधल्या घरांवर डोळा ठेवतो, शिवाय पुढे किल्लेकोट झाल्यावर एच२ च्या प्याद्याचीही राखण करतो. एच३ वर गेलेला घोडा यातले काहीच करत नाही. उलट काळ्याचे डी-प्यादे हलले की सी८ चा उंट त्याला मारतो आणि राजासमोरची प्यादी फुटतात.

आणखी एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यासाठी वेगळे थांबतो. ई४ नंतर एफ१ चा उंट डी३ वर आणून ठेवायचा. दिसायला चाल निरुपद्रवी, उंट बाहेर आला, ई४ ला आधारही मिळाला. पण डी२ चे प्यादे आता जागेवरच अडकले, आणि ते अडकले म्हणून सी१ चा उंटही अडकला. त्यामागे ए१ चा हत्ती ताटकळत राहतो. एका मोहऱ्याने दुसऱ्याची वाट अडवली की सगळी रांग तुंबते. मोहरा ठेवण्यापूर्वी तो कोणाच्या दारात उभा राहणार आहे, हे बघत जा.

एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवू नये, हेही याच हिशेबातले. डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाजवळ एका वेळी एकच चाल असते. घोडा तीनदा नाचवलात तर तेवढ्यात समोरच्याने तीन मोहरे बाहेर आणले. मारामारीच्या वेळी त्याचे तीन आणि तुमचा एक. हिशेब समजायला सोपा आहे, पण शह देण्याची ओढ भल्याभल्यांना हा हिशेब विसरायला लावते. शह देता येतो म्हणून देऊ नये. समोरचा त्या शहाला एखादा मोहरा बाहेर काढून उत्तर देणार असेल, तर तुम्ही त्याचेच काम करून दिलेत.

वजीर लवकर काढायचा नाही, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि तरी शाळांच्या स्पर्धांत पहिल्या फेरीत सगळ्यांत जास्त दिसते ती चार चालींची मातच. १. ई४ ई५ २. उंट सी४ घोडा सी६ ३. वजीर एच५. उंट आणि वजीर दोघेही एफ७ वर रोखलेले. एफ७ हे काळ्याचे सुरुवातीचे सर्वांत कच्चे घर, कारण त्याला राजाखेरीज कुणाचाच आधार नसतो. पांढऱ्याच्या बाजूने तसेच एफ२. आता काळ्याने घाईत घोडा एफ६ खेळून वजिरावर हल्ला चढवला, तर वजीर एफ७ मारतो आणि मात होते. हे एकदा पाहिलेले पोर पुढचे सहा महिने प्रत्येकावर हाच प्रयोग करत सुटते.

उत्तर अवघड नाही. ३… जी६ खेळा, वजिराला हलावेच लागते. तो एफ३ वर येऊन पुन्हा एफ७ ची धमकी देईल. तेव्हा ४… घोडा एफ६. आता मोजा. काळ्याचे दोन्ही घोडे उत्तम जागी. पांढऱ्याचा एक उंट आणि एक वजीर बाहेर, आणि वजीर नेमका अशा घरात की स्वतःच्याच घोड्याची हक्काची जागा त्याने बळकावली आहे. पांढऱ्याने नीट लक्ष दिले नाही तर पुढे काळा घोडा डी४ वर येतो, वजिरावर हल्ला करतो आणि त्याच वेळी सी२ वर शह देऊन हत्ती मारण्याची तयारीही. फक्त चालींचा क्रम सांभाळावा लागतो. वजीर दुसऱ्याच चालीला एच५ वर आला, तर लगेच जी६ खेळू नका. तो ई५ चे प्यादे शह देऊन मारेल आणि एच८ चा हत्तीही घेईल. आधी घोडा सी६ ने ई५ ला आधार द्या, उंट आल्यावर मग जी६.

वजीर लवकर काढल्याने तो मरतोच असे नाही. मरत नाही, पळत राहतो, आणि त्याच्या प्रत्येक पळण्यागणिक समोरच्याचा एक मोहरा फुकट बाहेर येतो. तरी १. ई४ डी५ २. ई-प्याद्याने डी५ मारले आणि वजिराने ते परत मारले, असा स्कँडिनेव्हियन बचाव अनुभवी खेळाडूही खेळतात. तिसऱ्या चालीला घोडा सी३ येऊन वजिराला हुसकावणार हे त्यांना ठाऊक असते, आणि त्या बदल्यात काय मिळते हेही. तुम्हाला ते सांगता येत असेल तर खुशाल खेळा.

राजा. ई१ वर बसलेला राजा धोक्यात असतो, कारण मध्यातली प्यादी मारली गेली की ई-पट्टी उघडते आणि समोरचा हत्ती तिथे येऊन उभा राहतो. म्हणून किल्लेकोट लवकर करावा, शक्यतो सातव्या-आठव्या चालीच्या आत, आणि बहुतेक वेळा राजाच्या बाजूला, कारण तिकडे हलवायचे मोहरे दोनच असतात. नियम नीट माहीत हवेत. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत. दोघांच्या मध्ये कोणी नसावे. राजाला त्या क्षणी शह नसावा, आणि राजा ज्या घरावरून जातो व ज्या घरात बसतो त्यांवर मारा नसावा. हत्तीवर मारा असला तरी चालतो. ‘एकदा शह बसला की किल्लेकोट गेला’ हा समज चुकीचा आहे. शह दुसऱ्या मोहऱ्याने अडवला आणि राजा जागचा हलला नाही, तर हक्क कायम राहतो. स्पर्धेत आणखी एक पथ्य: आधी राजाला हात लावायचा, तो दोन घरे सरकवायचा, मग त्याच हाताने हत्ती उचलायचा. आधी हत्तीला हात लावलात तर पंच हत्तीचीच चाल खेळायला लावू शकतो.

किल्लेकोट झाल्यावर राजापुढची तीन प्यादी ही त्याची भिंत. जी४ किंवा एफ३ सारख्या चाली खेळून तिला भगदाड पाडू नये. एफ३ आणि जी४ या दोन चाली पाठोपाठ खेळल्या तर काय होते? १. एफ३ ई५ २. जी४ वजीर एच४. मात. बुद्धिबळात यापेक्षा लवकर मात होत नाही. एच३ ही चाल मात्र नवशिके भीतीपोटी फार लवकर खेळतात, काळ्याचा उंट जी४ वर येऊन घोड्याला वजिरासमोर बांधून ठेवील म्हणून. भीती अगदीच खोटी नाही, पण त्यासाठी तिसऱ्या चालीला एच३ खेळणे म्हणजे अंगणात पाऊस दिसायच्या आधीच छत्री उघडून बसणे. शिवाय बांधलेला घोडा नेहमीच बांधलेला राहतो असेही नाही. लेगाल या फ्रेंच खेळाडूच्या नावाने प्रसिद्ध असलेली मात पाहा. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ डी६ ३. उंट सी४ उंट जी४ ४. घोडा सी३ जी६. आता पांढरा ‘बांधलेला’ घोडा उचलतो आणि ई५ मारतो. काळा खूश होऊन डी१ चा वजीर मारतो. मग ६. उंट एफ७ मारून शह, राजा ई७, ७. घोडा डी५, मात. वजीर गेला, पण दोन घोडे आणि एका उंटाने राजाला जागा ठेवली नाही. अर्थात काळा वजीर मारण्याऐवजी डी६ च्या प्याद्याने ई५ चा घोडा मारू शकतो. मग पांढऱ्याचा वजीर जी४ चा उंट मारतो आणि पांढऱ्याला एक प्यादे जास्त मिळते. म्हणजे हा नुसता सापळा नाही, समोरच्याने योग्य उत्तर दिले तरी चाल नुकसानीची ठरत नाही. शिकण्यासारखी युक्ती ओळखायची ती अशी.

आता एक पूर्ण डाव. बुद्धिबळ शिकवणारे जगभर हाच डाव दाखवतात, म्हणून टाळायचा मोह होता, पण याच्याइतका बोलका दुसरा नाही. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात ब्रन्सविकच्या ड्यूकने आणि काउंट इझुआर यांनी मिळून २१ वर्षांच्या पॉल मॉर्फी या अमेरिकन खेळाडूशी खेळलेला. खेळ रंगमंचावर चालू आणि हे तिघे खासगी कक्षात पटावर.

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ डी६ ३. डी४ उंट जी४. काळ्याची पहिली घसरण इथे. ई५ वर दुहेरी दाब आहे आणि उंट जी४ वर आणल्याने तो सुटत नाही. ४. डी-प्याद्याने ई५ मारले, काळ्या उंटाने एफ३ चा घोडा मारला ५. वजिराने उंट मारला, काळ्याने डी६ च्या प्याद्याने ई५ मारले. काळ्याचा बाहेर आलेला एकमेव मोहरा पटावरून गेला, आणि मॉर्फीचा वजीर काहीही न गमावता बाहेर आला. ६. उंट सी४ घोडा एफ६ ७. वजीर बी३. एफ७ आणि बी७ दोन्हींवर डोळा. काळा ७… वजीर ई७ खेळून एफ७ वाचवतो. मॉर्फीला बी७ चे प्यादे फुकट मिळत होते. ते मारले असते तर काळा वजीर बी४ वर शह देऊन वजिरांची अदलाबदल करू शकला असता. मॉर्फीने प्यादे सोडले आणि ८. घोडा सी३ खेळला. याच चालीवर थांबून विचार करा. एका प्याद्यापेक्षा आणखी एक मोहरा बाहेर येणे त्याला मोलाचे वाटले.

८… सी६ ९. उंट जी५ बी५. काळ्याने पुन्हा प्यादे हलवले. मॉर्फीने घोड्याने बी५ मारून घोडा दिला, काळ्याने तो मारला, ११. उंटाने बी५ मारून शह, घोडा बी८ वरून डी७ वर. १२. वजिराच्या बाजूला किल्लेकोट. एका चालीत राजा सुरक्षित झाला आणि हत्ती डी-पट्टीवर उभा राहिला. १२… हत्ती डी८ १३. हत्तीने डी७ चा घोडा मारला, हत्तीने हत्ती मारला १४. दुसरा हत्ती डी१ वर, वजीर ई६ १५. उंटाने डी७ मारून शह, घोड्याने उंट मारला. आणि आता १६. वजीर बी८ वर शह! वजीरच दिला. घोड्याने तो मारलाच पाहिजे. १७. हत्ती डी८, मात. शेवटच्या स्थितीत काळ्याचा एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती बघा. सतरा चालींत ते एकदाही हललेले नाहीत. मॉर्फीचा हल्ला चमकदार दिसतो खरा, पण पाया तिथेच घातला गेला होता. समोर दोन मोहरे झोपलेले, आपले सगळे कामावर. मग एवढे मोहरे देऊनही हिशेब जमतो.

नियम मोडायचे कधी? समोरच्याने काही खरी चूक केली असेल आणि तिचा फायदा चालीचालीने दाखवता येत असेल तेव्हा. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ या इटालियन मांडणीत पांढरा चौथ्या चालीला घोडा जी५ वर नेऊ शकतो. एकच मोहरा दुसऱ्यांदा हलला, नियम मोडला. टाराश या जर्मन दिग्गजाने या चालीला कच्च्या खेळाडूची चाल म्हणून हिणवले होते. पण एफ७ वर आता उंट आणि घोडा दोघे रोखलेले आहेत आणि राखणीला फक्त राजा. काळ्याला ४… डी५ खेळून बहुधा उंटाची वाट अडवावी लागते. ५. प्याद्याने डी५ मारल्यावर काळ्याने लगेच घोड्याने ते परत मारले, तर ६. घोडा एफ७ मारतो आणि काळ्या राजाला मध्यात ओढून काढतो. पुस्तके सांगतात की ५… घोडा ए५ खेळावा, म्हणजे घोडा कडेला! टाराश काहीही म्हणो, घोडा जी५ ही चाल आजही मातब्बर खेळाडू खेळतात. नियम आणि धमकी यांची गाठ पडते तेव्हा धमकी खरी आहे का, एवढेच पाहायचे.

समोरच्याची नक्कल करणारेही पुष्कळ भेटतात. तो जे खेळेल ते आपण खेळायचे, म्हणजे चूक होणार नाही, असा त्यांचा समज. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोड्याने ई५ मारले, काळ्याने घोड्याने ई४ मारले ४. वजीर ई२. आता काळा घोडा घाबरून एफ६ वर परतला की ५. पांढरा घोडा सी६ वर जातो. मागून वजिराचा शह उघडतो, आणि घोडा काळ्या वजिरावर. वजीर गेला.

ई५ चे प्यादे वाचवायला एफ६ खेळणे हीही अशीच एक सवय. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ एफ६ ३. घोडा ई५ मारतो, आणि काळ्याने तो मारला तर ४. वजीर एच५ वर शह. जी६ ने अडवले तर वजीर ई५ वर शह देऊन हत्तीही घेतो. या मांडणीला दामियानोचे नाव मिळाले आहे. बिचाऱ्याने १५१२ साली रोमला छापलेल्या आपल्या पुस्तकात ही चाल वाईट म्हणून दाखवली होती!

मग खेळायचे काय? पांढऱ्याने ई४, घोडा एफ३, उंट सी४, किल्लेकोट, डी३, सी३, मग हत्ती ई१, आणि बी१ चा घोडा डी२ वरून एफ१ व तिथून जी३. ही संथ इटालियन मांडणी आहे. तिला घोकायचे फार नाही आणि विश्वविजेतेपदासाठी झगडणारेही ती आज खेळतात. काळ्याने ई४ ला ई५, डी४ ला डी५. डी४-डी५ नंतर पांढऱ्याने सी४ खेळले की तुमच्या प्याद्याला ते मारण्याचा मोह होतो. मारले तर हरकत नाही, पण ते मिळालेले प्यादे धरून बसू नका. २… डी-प्याद्याने सी४ मारले ३. ई३ बी५ ४. ए४ सी६ ५. ए-प्याद्याने बी५ मारले, सी-प्याद्याने परत मारले ६. वजीर एफ३. ए८ चा हत्ती सापडला. तो वाचवायला घोडा किंवा उंट मध्ये घालावा लागतो आणि एक मोहरा जातोच. साधा मार्ग म्हणजे २… ई६, घोडा एफ६, उंट ई७, किल्लेकोट.

लंडन नावाची एक पद्धत हल्ली मुलांना लवकर शिकवतात: डी४, उंट एफ४, ई३, समोरचा काहीही खेळो. डाव लवकर हरत नाही हे खरे. पण ती मुले समोर बघायचे विसरतात, आणि बुद्धिबळात मला यासारखी वाईट सवय दुसरी दिसत नाही.

सराव मोबाइलवर करायचा असेल तर प्रत्येकी निदान दहा-पंधरा मिनिटांचा डाव खेळा. एका मिनिटाच्या डावांत विचाराला वेळच मिळत नाही. लिचेससारख्या संकेतस्थळावर खेळणे आणि डाव तपासणे फुकट आहे. पण संगणकाचे विश्लेषण लगेच उघडू नका. आधी एक वही करा. प्रत्येक डाव दहाव्या चालीपाशी थांबवा आणि लिहा: माझे किती घोडे-उंट बाहेर आले? किल्लेकोट झाला का? वजीर किती वेळा हलला? दोन हत्तींच्या मधली सगळी घरे मोकळी झाली का? ती झाली की ओपनिंग संपली. मग शेवटचा रकाना: दहापैकी कुठल्या चालीने काहीच काम केले नाही? ती चाल आणि तिच्या जागी काय खेळायला हवे होते, हे शेजारी लिहा. त्यानंतरच संगणकाला विचारा.